नगरसुधारणेचा जमाखर्च

‘सुधारणा’ ह्या शब्दाचें नशीब मराठींत मोठें चमत्कारिक आहे. आगरकरांनीं १८८८ सालीं आपल्या पत्रास ‘सुधारक’ हें नांव दिलें, तेव्हां माणसाच्या मनाची व समाजाच्या चालीरीतींची सुधारणा त्यांस अभिप्रेत होती. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनीं, १८९८ सालीं, मुंबई सरकारनें ‘सिटी ऑफ बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ॲक्ट’ ह्या नांवाचा कायदा केला. ‘इम्प्रूव्हमेंट’ म्हणजेही सुधारणाच. परंतु सुधारावयाची वस्तु मात्र अगदीं निराळी होती. येथें सुधारावयाचें होतें तें शहर: त्याचे रस्ते, त्याच्या गल्ल्या, त्याची हवा. शहर सुधारलें म्हणजे शहरांतील माणसांची स्थिति आपोआप सुधारली, असें आपण सहज धरून चालतों. वस्तुतः ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. पुष्कळ वेळां तर त्या परस्परांच्या उलट चालतात. मुंबईच्या गेल्या सव्वाशें वर्षांच्या इतिहासांत हें सत्य वारंवार प्रत्ययास आलें आहे. तो इतिहास थोडक्यांत सांगून त्यांतून निघणाऱ्या एका प्रश्नाकडे वाचकांचें लक्ष वेधावें, येवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम हें पाहिलें पाहिजे कीं, गरीब माणूस शहराच्या ऐन मध्यभागीं, महागांतल्या महाग जागेवर, दाटीवाटीनें कां राहतो? बाहेर स्वस्त व मोकळी जागा असतां तो तेथें कां जात नाहीं? ह्याचें उत्तर त्याच्या आळसांत किंवा अडाणीपणांत नसून त्याच्या रोजगारांत आहे. १८५४ सालीं काउसजी दावर यांनीं मुंबईंत पहिल्या कापूस-गिरणीचा पाया घातला, आणि पुढच्या चाळीस वर्षांत रत्नागिरी, सातारा व घांटमाथ्यावरील इतर भागांतून हजारों माणसें ह्या शहरांत लोटलीं. गिरणींत कायमची जागा सर्वांस मिळत नसे. पुष्कळांस ‘बदली’ म्हणून रोज पहांटे गिरणीच्या दारांत उभें राहावें लागे, आणि त्यांपैकीं कोणास आंत घ्यावयाचें हें जॉबर ठरवीत असे. भोंगा होण्यापूर्वीं जो दारांत हजर नाहीं, त्याचा दिवस बुडाला. गोदीवरील मजुराची आणि मांडवीच्या पेठेंतील हमालाची गोष्ट हीच. शिवाय वाण्याची उधारी, खाणावळीची ओळख, गांवकऱ्यांनीं मिळून भाड्यानें घेतलेली खोली, हें सर्व त्याच वस्तींत असे. ज्याचें हातावर पोट आहे, त्याला हाताला काम जेथें मिळतें तेथेंच पाठ टेंकावी लागते. घर आणि रोजगार हे त्याचे दोन निराळे प्रश्न नसून एकच प्रश्न असतो. ही गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे पुढील सारा इतिहास समजण्यास सोपा जातो.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं गांठीच्या तापाचा पहिला रोगी ओळखला, आणि थोड्याच दिवसांत हें संपन्न शहर भयभीत झालें. लक्षावधि लोक रेल्वेनें, गलबतांनीं व पायीं शहर सोडून गेले. म्युनिसिपालिटीच्या नोकरांनीं घरोघर औषधी पाण्याचे फवारे मारले, छपरांचीं कौलें उतरून खोल्यांत ऊन घेतलें, आणि ज्या घरांत मनुष्यानें राहूं नये असें ठरलें त्यांच्या भिंतींवर ‘यू. एच. एच.’ हीं तीन अक्षरें रंगविलीं. १८९१ च्या खानेसुमारींत ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ सालीं ७,७६,००६ वर आली. व्यापार थंडावला, गिरण्यांस माणसें मिळेनात, आणि परदेशीं बंदरांत मुंबईच्या मालाकडे संशयानें पाहण्यांत येऊं लागलें. तेव्हां शहराचें हें दाट व अंधारें हृदय फोडून मोकळें केल्यावांचून गत्यंतर नाहीं, असें गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारानें ठरविलें, आणि १८९८ च्या कायद्यानें इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था जन्मास आली. तिचा कारभार म्युनिसिपालिटीहून स्वतंत्र होता. जमिनी संपादन करणें, वस्त्या पाडणें, रुंद रस्ते आखणें आणि हुसकलेल्या गरिबांसाठीं चाळी बांधणें, अशीं कामें तिच्याकडे सोंपविण्यांत आलीं.

ट्रस्टच्या अधिकाऱ्यांस दुष्ट ठरविण्याचें कारण नाहीं. रोग कोंदट हवेंतून व दमट जमिनींतून उद्भवतो अशी त्या काळच्या पुष्कळ वैद्यांची प्रामाणिक समजूत होती, आणि त्या समजुतीस अनुसरून त्यांनीं शहरांतून हवेच्या वाटा पाडल्या. प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग, आणि सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, हे रस्ते पश्चिमेकडील समुद्राचा वारा दाट वस्तींत शिरावा ह्या हेतूनें आखले गेले. पुढें असें सिद्ध झालें कीं, प्लेग हवेनें पसरत नसून उंदरांच्या अंगावरील पिसवांनीं पसरतो. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यानें ही गोष्ट १८९८ सालींच सांगितली होती, आणि १९०५ नंतर मुंबईंतच परळ येथें झालेल्या संशोधनानें ती निर्विवाद ठरली. ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ अशी जी म्हण आहे ती येथें लागू पडते. तथापि वारा आणि उजेड हीं कांहीं वाईट औषधें नव्हेत, आणि रुंद रस्त्यांचा शहरास उपयोग झाला हें कोणीही नाकबूल करणार नाहीं. आमचा आक्षेप वेगळाच आहे.

ट्रस्टनें प्रथम हात घातला तो नागपाड्याच्या वस्तीस. तेथील घरें पडलीं, जमीन सपाट झाली, नकाशाप्रमाणें रस्ते निघाले. पण तेथील माणसें कोठें गेलीं? तीं आकाशांत उडालीं नाहींत किंवा आपापल्या गांवींही परतलीं नाहींत. त्यांपैकीं बहुतेक लगतच्या गल्ल्यांत शिरलीं. ज्या खोलींत पांच माणसें होतीं तींत आतां आठ झालीं. जिन्याखालीं, ओट्यावर, वऱ्हांड्यांत पथाऱ्या पडूं लागल्या. मागणी वाढल्यामुळें आसपासच्या घरमालकांनीं भाडीं चढविलीं. म्हणजे जी दाटी मोडावयाची होती ती मोडली नाहीं. ती एका गल्लींतून उठून दुसऱ्या गल्लींत जाऊन बसली, आणि तेथें अधिकच घट्ट झाली. ट्रस्टनें चाळी बांधल्या हें खरें. परंतु पहिल्या वीस वर्षांत जितक्या खोल्या पाडल्या तितक्या उभ्या राहिल्या नाहींत. ज्या उभ्या राहिल्या त्यांत जे राहावयास आले ते बहुतांशीं हुसकलेले लोक नव्हते. ज्यांची मिळकत थोडी बरी व नियमित होती असे दुसरेच कामकरी होते. हुसकलेला माणूस चाळ बांधून होईपर्यंत वाट पाहात थांबूं शकत नव्हता, आणि ती बांधून होईपर्यंत त्याचा पत्ताही कोणापाशीं राहात नव्हता.

हा प्रकार मुंबईंतच घडला असें मात्र नाहीं. सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या कारकीर्दींत बॅरन ओसमान यानें पॅरिसच्या जुन्या वस्त्या फोडून जे भव्य राजमार्ग काढले, त्यांचा अनुभव हाच होता. आणि फ्रीड्रिख एंगेल्स यानें १८७२ सालीं घरांच्या प्रश्नावर जे लेख लिहिले त्यांतील मुख्य मुद्दाही हाच होता, कीं अशा उपायानें गलिच्छ वस्ती नाहींशी होत नाहीं, ती फक्त जागा बदलते. एंगेल्सचें बाकीचें तत्त्वज्ञान मान्य असो वा नसो, येवढी गोष्ट मुंबईच्या अनुभवानें खरी ठरली आहे.

ही चूक ट्रस्टच्या ध्यानांत आली नाहीं असें नव्हे. १९१० च्या सुमारास ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं वस्त्या सरसकट पाडण्याच्या धोरणास मुरड घातली. इमारतीच्या उंचीच्या निदान निम्म्याइतकी मोकळी जागा तिच्या भिंतीसमोर असावी, म्हणजे खालच्या खोलींतही आकाशाचा उजेड पोहोंचेल, असा साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम त्यांनीं हिरिरीनें पुढें मांडला. त्याचबरोबर शहराच्या उत्तरेस मोकळ्या जमिनी तयार करून दाटी आपोआप कमी होऊं द्यावी, असें धोरण त्यांनीं स्वीकारलें. दादर, माटुंगा, वडाळा, शीव येथील योजना त्या धोरणानें पुढें सरसावल्या. तेथें भूखंड पडले, झाडें लागलीं, हिंदु कॉलनी व पारशी कॉलनी वसल्या, आणि ज्या घरांत स्वयंपाकघर, न्हाणीघर व संडास एकाच दरवाज्याच्या आंत असतात असे ‘ब्लॉक’ प्रथमच सामान्य पांढरपेशा कुटुंबांच्या आवांक्यांत आले.

येथें क्षणभर थांबणें अवश्य आहे. कारण ह्या मासिकाच्या वाचकांपैकीं कित्येकांचें बालपण त्याच ब्लॉकांत गेलें असेल. आपल्या वर्गाच्या सांस्कृतिक जीवनाचा मोठा भाग, म्हणजे तेथील शाळा, वाचनालयें, व्याख्यानमाला, गणेशोत्सव, हीं सारीं त्या सुधारणेचीं फळें आहेत, आणि तीं गोड आहेत ह्यांत शंका नाहीं. पण ज्या दाटीचें निमित्त करून ट्रस्ट स्थापन झाला ती दाटी नागपाड्याच्या व मांडवीच्या मजुराची होती. आणि उत्तरेकडील मोकळी हवा मिळाली ती कारकून, शिक्षक, वकील व डॉक्टर यांना. गिरणीचा भोंगा ज्याला पहांटे गांठावयाचा होता, त्याला माटुंग्याची हवा आणि तेथील भाडें हीं दोन्ही परवडणारीं नव्हतीं. मजुराच्या नांवानें उघडलेल्या खात्यांतून आपल्या वर्गाचें घर उभें राहिलें, हें आपण कृतज्ञतेनें नव्हे तरी निदान प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे.

ट्रस्टच्या अनुभवानंतर सरकारनें दुसरा मार्ग धरला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं १९२० सालीं डेव्हलपमेंट खातें काढलें, आणि कापसाच्या प्रत्येक गांठीवर एक रुपया कर बसवून पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प जाहीर केला. प्रत्यक्षांत वरळीस १२१, नायगांवास ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीस १२ अशा २०७ चाळी उठल्या. प्रत्येक चाळींत ऐंशी खोल्या, म्हणजे एकंदर सुमारें साडेसोळा हजार. आश्चर्य असें कीं, शहरांत माणसें जिन्याखालीं निजत असतां वरळीच्या चाळींतील पुष्कळ खोल्या कित्येक वर्षें रिकाम्या पडून होत्या. भाडें जड, सिमेंटच्या भिंती उन्हाळ्यांत तापणाऱ्या, आणि गिरणी दूर. घर बांधतांना रोजगाराचा विचार न केल्यास काय होतें, ह्याचें याहून ढळढळीत उदाहरण सांपडणार नाहीं. पुढें वस्ती वाढली, वाहतूक वाढली, आणि त्याच चाळी माणसांनीं गजबजून गेल्या; त्यांत कामगार चळवळी जन्मल्या, मंडळें निघालीं, नाटकें झालीं. १९३३ सालीं ट्रस्टचें काम म्युनिसिपालिटीकडे आलें, आणि सुधारणेच्या इतिहासाचा पहिला भाग संपला.

दुसरा भाग स्वातंत्र्यानंतरचा. फाळणीचे निर्वासित, दुष्काळग्रस्त शेतकरी, मोडलेल्या हातमागांचे विणकर असे नवे लोक शहरांत आले, आणि ज्यांस खोलीचा कोपराही मिळाला नाहीं त्यांनीं फुटपाथ गांठला. राज्यकर्ते आतां आपलेच होते. पण शहराकडे पाहण्याची दृष्टि फारशी पालटली नाहीं. १९५९ सालीं मुंबई राज्यांत भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. उपजीविकेचें दृश्य साधन नसतां सार्वजनिक जागीं फिरणें किंवा राहणें हेंही त्यांत भीक मागण्याच्या व्याख्येंत घातलें गेलें. गरीब दिसणें आणि गुन्हेगार असणें ह्यांतील अंतर कायद्यानें अशा रीतीनें जवळजवळ पुसून टाकलें. हाच कायदा दिल्लीस लागू करण्यांत आला होता. तेथील उच्च न्यायालयानें २०१८ सालीं त्याचीं भीक मागण्यास गुन्हा ठरविणारीं कलमें घटनाबाह्य म्हणून रद्द केलीं.

१९८१ च्या जुलैंत हा प्रश्न ऐरणीवर आला. १३ जुलै रोजीं मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनीं फुटपाथवर राहणाऱ्यांस तेथून उठवून आपापल्या मूळ गांवीं धाडण्यांत येईल अशी घोषणा केली, आणि भर पावसाळ्यांत झोंपड्या मोडण्यास प्रारंभ झाला. म्युनिसिपालिटीच्या हातीं १८८८ च्या कायद्यांतील ३१४ वें कलम होतें; त्या कलमान्वयें नोटीस न देतां अडथळा दूर करतां येत असे. कांहीं फुटपाथवासी, पत्रकार ओल्गा टेलिस आणि नागरिक हक्कांसाठीं झटणाऱ्या संस्था न्यायालयांत गेल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांच्या पीठानें १० जुलै १९८५ रोजीं निकाल दिला. तो सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनीं निवृत्तीच्या उंबरठ्यावर असतां लिहिला.

ह्या निकालाचें महत्त्व आमच्या मतें असें आहे कीं, घर आणि रोजगार हा गरिबाचा एकच प्रश्न आहे, ही गोष्ट न्यायालयानें प्रथमच स्पष्ट शब्दांत मान्य केली. राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमानें दिलेल्या जीविताच्या हक्कांत उपजीविकेचा हक्क सामावलेला आहे. आणि ज्याला फुटपाथवरून हुसकलें त्याची उपजीविकाही बुडते, कारण तो तेथें राहतो तो काम जवळ आहे म्हणून, असें न्यायालयानें म्हटलें. परंतु ह्या तत्त्वापासून निघणारें फळ मात्र फारसें मोठें नव्हतें. फुटपाथ हा चालणाऱ्यांसाठीं आहे, त्यावर घर करण्याचा हक्क कोणास नाहीं, नोटीस देऊन व म्हणणें ऐकून घेऊन त्यांस उठवितां येईल, असें ठरलें. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, मुदत मिळाली. आणि १९७६ च्या गणनेंत ज्यांची नोंद झाली होती त्यांना दुसरी जागा द्यावी असें सांगण्यांत आलें, तरी ती आधीं दिल्याशिवाय हुसकूं नये अशी अट घालण्यांत आली नाहीं. तत्त्व गरिबाच्या पदरीं पडलें, आणि जागा म्युनिसिपालिटीच्या.

त्याच वर्षीं ‘स्पार्क’ ह्या संस्थेनें भायखळा भागांतील फुटपाथवासीयांची जी गणना केली, तिच्यांत सुमारें सहा हजार कुटुंबांची माहिती गोळा झाली. हे लोक भिकारी किंवा भटके नसून हमाली, घरकाम, फेरी, हातगाडी अशीं शहरास रोज लागणारीं कामें करणारे आहेत, पुष्कळसे कामावर पायीं जातात, आणि कित्येक कुटुंबें वर्षानुवर्षें एकाच जागीं राहात आहेत, असें तिच्यांतून दिसून आलें. पुढें त्याच वस्तींतील स्त्रियांनीं ‘महिला मिलन’ ह्या नांवाची संघटना उभारून पै पै सांठविली. ज्यांस आजवर केवळ उठविण्यांत आलें होतें, त्यांस मोजण्याचा हा उद्योग दिसण्यांत लहान. पण आमच्या दृष्टीनें नगरसुधारणेच्या इतिहासांत तो एखाद्या राजमार्गाहून कमी महत्त्वाचा नाहीं.

यानंतर शहराच्या मध्यभागाचें पुनरुज्जीवन निराळ्या रूपानें पुढें आलें. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंड पडल्या, आणि गिरणगांवांतील शेंकडों एकर जमीन मोकळी होण्याचा योग आला. १९९१ च्या नियमांप्रमाणें, गिरणीची जमीन नव्या कामास लावावयाची झाल्यास स्थूलमानानें तिचा तिजा हिस्सा मोकळ्या जागेसाठीं शहरास, तिजा सार्वजनिक घरबांधणीसाठीं आणि उरलेला मालकास, अशी वांटणी होती. २००१ सालीं त्या नियमांत असा फेरफार झाला कीं, ही वांटणी सगळ्या जमिनीस लागू न होतां केवळ आधींच रिकाम्या असलेल्या जमिनीस लागू व्हावी. इमारतींनीं व्यापलेली जमीन वांटणींतून सुटली, आणि शहराच्या व घरांच्या वांट्यास फारच थोडी उरली. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा फेरफार वैध ठरविला. आज लोअर परळचे मनोरे दिव्यांनीं झळकतात, शहराच्या मध्यभागीं संपत्ति पुन्हा खेळूं लागली आहे. परंतु शंभर वर्षांपूर्वीं मजुराला ज्या भोंग्यासाठीं तेथें राहावें लागत होतें तो भोंगाही नाहीं, आणि त्याच्या नातवंडांस घर देऊं शकणारी ती जमीनही नाहीं.

आमच्याविरुद्ध असें म्हणतां येईल कीं, फुटपाथ अडले म्हणजे म्हातारीकोतारीं माणसें व शाळकरी मुलें रस्त्यावरून चालतात व अपघातास बळी पडतात. गलिच्छपणानें रोग फैलावतात. आणि शहराची भरभराट झाली नाहीं तर गरिबासही रोजगार मिळणार नाहीं. ह्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मनुष्यानें फुटपाथवर संसार थाटावा हें कोणासच, संसार थाटणाऱ्याला तर नाहींच नाहीं, इष्ट वाटणार नाहीं. वाद शहर सुधारावें कीं न सुधारावें असा नसून, सुधारणेचा हिशेब कसा मांडावा असा आहे. ट्रस्टच्या, डेव्हलपमेंट खात्याच्या आणि त्यांच्या वारसांच्या वह्यांत किती घरें पाडलीं, किती रस्ते काढले, किती खोल्या बांधल्या, हें सर्व लिहिलेलें सांपडतें. अमुक घरांतून निघालेला माणूस सहा महिन्यांनीं कोठें निजत होता, हा रकाना मात्र त्या वह्यांत बहुधा नसतो. आणि जें मोजलें जात नाहीं तें खर्चांतही धरलें जात नाहीं.

२०११ च्या खानेसुमारींत बृहन्मुंबईंत सुमारें ५७ हजार माणसें बेघर म्हणून नोंदलीं गेलीं. उघड्यावर निजणाऱ्यांची एका रात्रींत मोजदाद करणें अवघड असतें हें लक्षांत घेतां, हा आंकडा खऱ्या संख्येहून कमीच असावा. मोठ्या शहरांत दर एक लाख वस्तीमागें निदान एक, बारा महिने व चोवीस तास उघडा असणारा निवारा असावा, अशी दिशा सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं दाखविली. सव्वा कोटीच्या मुंबईस त्या मापानें सव्वाशें निवारे हवेत. तें माप शहरानें अद्यापि गांठलेलें नाहीं. शिवाय निवाऱ्यांची संख्या पुरी झाली तरी प्रश्न उरतोच, कीं ते बाजारापासून, गोदीपासून, इस्पितळापासून किती अंतरावर आहेत, आणि त्यांत नवराबायको व मुलें एकत्र राहूं शकतात कीं नाहीं. वरळीच्या रिकाम्या खोल्यांचा धडा येथेंही विसरतां येत नाहीं.

तात्पर्य, मोठा खर्च न करतांही एक नियम पाळतां येईल, आणि तो असा: ज्या योजनेनें शहराच्या मध्यभागांतील वस्ती उठणार असेल, त्या योजनेस मंजुरी देण्यापूर्वीं तेथील प्रत्येक माणसाचें नांव, काम आणि कामाचें ठिकाण लिहून घ्यावें, आणि योजना पुरी झाल्यावर त्यांपैकीं किती जण कामापासून पायीं जाण्याच्या अंतरावर छपराखालीं आहेत हें जाहीर करावें. रस्त्याची रुंदी जशी फुटांत मोजली जाते, तशी सुधारणेची किंमत ह्या आंकड्यांत मोजली जावी. हा आंकडा दरवर्षीं म्युनिसिपालिटीच्या अहवालांत छापला गेला, तर त्याकडे पाहून आपणां शिकलेल्या लोकांस कधीं समाधान वाटेल व कधीं लाजही वाटेल. पण आपण ज्या रुंद रस्त्यांनीं रोज जातों येतों त्यांचे पैसे कोणी भरले आहेत, हें निदान आपणांस माहीत असेल.